लग्नानंतर माझा अधिवास बदलला का, आणि त्यासोबत वयाची सवलतही गेली का?

वाचकाचे पत्र

माझे वय ३९ वर्षे ४ महिने आहे. माहेर सोलापूरचे; जन्म, शाळा, महाविद्यालय सगळे तिथलेच. मी इतर मागास वर्गातील असून माझ्याकडे जात वैधता प्रमाणपत्र आणि २००९ साली काढलेले वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र आहे. लग्नानंतर आठ वर्षे कर्नाटकात विजयपूरला राहिले; गेली तीन वर्षे पतीसह पुन्हा सोलापुरात राहते. यंदा राज्यसेवेचा अर्ज भरायचा आहे. अभ्यासिकेतील मैत्रिणी म्हणतात की लग्न होऊन कर्नाटकात गेलीस तेव्हाच तुझा महाराष्ट्राचा अधिवास संपला, त्यामुळे वयाची सवलतही गेली आणि महिला आरक्षणही. सेतू केंद्रात नॉन क्रिमीलेअरसाठी, म्हणजे मागास वर्गातील सधन गटात मोडत नसल्याच्या प्रमाणपत्रासाठी, पतीच्या उत्पन्नाचा दाखला मागितला. पती बँकेत अधिकारी आहेत, वडील निवृत्त कारकून आहेत. भावाचे म्हणणे असे की दहावीच्या प्रमाणपत्रावर माझी जन्मतारीख अकरा महिने आधीची लागली आहे, ती दुरुस्त करून घ्यावी. सासरची मंडळी कर्नाटकातून जातीचा दाखला काढ म्हणतात. सरकार पुन्हा वय वाढवून देईल, थोडी थांब, असेही काही जण सांगतात. मी नेमके काय करावे?

— एक वाचक, सोलापूर

उत्तर

सप्रेम नमस्कार.

लग्नामुळे तुमचा अधिवास संपला, हे मैत्रिणींचे म्हणणे कायद्याला धरून नाही. मात्र विजयपूरच्या आठ वर्षांविषयी कागदपत्र तपासणीच्या वेळी प्रश्न निघू शकतो, एवढे त्यांचे खरे आहे, आणि त्याची तयारी अर्ज भरण्यापूर्वीच झाली पाहिजे. भावाची आणि सासरची सूचना मात्र दोन्ही बाजूला ठेवा. त्यांची कारणे पुढे येतीलच.

आधी एक भेद ध्यानात घ्या, कारण अभ्यासिकांमधील बहुतेक वाद तो न पाळल्यामुळे होतात. परीक्षेला बसण्याची पात्रता वेगळी आणि त्या परीक्षेत सवलत किंवा आरक्षण मागण्याचा हक्क वेगळा. राज्यघटनेच्या अनुच्छेद १६(२) प्रमाणे जन्मस्थान किंवा निवास या कारणावरून सरकारी नोकरीस कोणालाही अपात्र ठरवता येत नाही, आणि १६(३) प्रमाणे निवासाची अट घालायची झाली तर तसा कायदा करण्याचा अधिकार केवळ संसदेला आहे, राज्य विधिमंडळाला नाही. राजस्थानात शिक्षक भरतीमध्ये त्याच जिल्ह्यातील आणि ग्रामीण भागातील उमेदवारांना अधिक गुण देण्याची पद्धत होती; ती सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये याच तत्त्वावर अवैध ठरवली. म्हणूनच महाराष्ट्राबाहेरचा उमेदवारही महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला खुल्या गटातून बसू शकतो. अधिवासाचा प्रश्न येतो तो सामाजिक आरक्षण, महिला आरक्षणासारखे समांतर आरक्षण आणि वयासारख्या सवलती मागताना. तुमची अडचण अशी की खुल्या गटाची कमाल मर्यादा ३८ वर्षे आहे आणि तुम्ही ती ओलांडली आहे. मागासवर्गीयांसाठी ती ४३ आहे. सवलत टिकली तरच तुमची पात्रता टिकते, त्यामुळे हा भेद कळूनही तुम्हाला अधिवासाचा मुद्दा टाळता येणार नाही.

आता लग्नाविषयी. 'पत्नीचा अधिवास पतीच्या अधिवासामागे जातो' हे वाक्य लोकांच्या तोंडी आले आहे ते भारतीय वारसा अधिनियम, १९२५ च्या कलम १५ आणि १६ मधून. परंतु ही कलमे मृत व्यक्तीच्या मालमत्तेच्या वारशापुरती आहेत, आणि त्याच कायद्याच्या कलम ४ ने अधिवासाचे ते संपूर्ण प्रकरण हिंदू, मुस्लिम, बौद्ध, शीख आणि जैन यांना लागूच होत नाही असे सांगितले आहे. सरकारी नोकरीतील सवलतीशी त्याचा काडीचाही संबंध नाही. शिवाय भारतात राज्यागणिक निराळा अधिवास नसतो, अधिवास एकच आणि तो भारताचा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८४ च्या डॉ. प्रदीप जैन प्रकरणात स्पष्ट केले, आणि जानेवारी २०२५ मध्ये वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशातील निवासाधारित आरक्षण रद्द करताना त्याचाच पुनरुच्चार केला. आपल्याकडील दाखल्यावर 'अधिवास' असे लिहिलेले असले तरी प्रत्यक्षात तपासला जातो तो राज्यातील निवास. तेव्हा लग्न हा प्रश्नच नाही. तुमचे घर कोठे आहे, हा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर शोधायला आयोगाच्या जाहिरातीतच आधार मिळतो. सवलती महाराष्ट्राच्या सर्वसाधारण रहिवाशांनाच मिळतील असे सांगून, या संज्ञेचा अर्थ लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० च्या कलम २० प्रमाणे घ्यावा असे तिथे नमूद केलेले असते. या कलमाप्रमाणे एखाद्या गावी केवळ स्वतःचे घर असल्याने कोणी तिथला रहिवासी होत नाही, आणि तात्पुरते बाहेर राहिल्याने रहिवासीपण संपतही नाही. तुमच्या बाबतीत याचे दोन परिणाम होतात, आणि दोन्ही तुम्हाला सोयीचे नाहीत. विजयपूरची आठ वर्षे संसार थाटून काढलेली आहेत. त्यांना तात्पुरती गैरहजेरी म्हणण्याचा मोह टाळा, ते टिकणार नाही. आणि सोलापुरात माहेरचे घर आहे, एवढेच सांगूनही भागणार नाही. तुमची खरी ताकद गेल्या तीन वर्षांच्या सलग वास्तव्यात आहे. अर्जाच्या अंतिम दिनांकास तुम्ही सोलापुरात राहता, तिथेच संसार आहे, आणि त्याआधीचे जन्मापासून लग्नापर्यंतचे आयुष्यही याच राज्यातील आहे. मधली आठ वर्षे लपवण्याची काहीच गरज नाही.

यासाठी २००९ चे प्रमाणपत्र एकटे पुरेसे मानू नका. लग्नाने ते रद्द झालेले नाही, परंतु ते २००९ ची स्थिती सांगते आणि तुमच्याविषयीची शंका त्यानंतरच्या काळाची आहे. तहसील कार्यालयाकडून नवे प्रमाणपत्र घ्या, आणि अर्जासोबतच्या स्वयंघोषणेत विजयपूरमधील वास्तव्याचा कालावधी सरळ लिहा. सोलापूरचा भाडेकरार किंवा घराचा उतारा, वीजबिले, मुले असतील तर त्यांच्या शाळेतील प्रवेशाच्या नोंदी, पतीच्या बदलीचा आदेश असेल तर त्याची प्रत, असे कालानुक्रमे लावलेले पुरावे जोडा. आधार कार्डावर अजून विजयपूरचा पत्ता असल्यास तो बदलून घ्या. सर्वांत महत्त्वाची गोष्ट मतदार यादीची. सोलापुरात नाव लावून घेतले असले तरी विजयपूरच्या यादीतून ते कमी झाले आहे का, हे स्वतः पाहा. एकाच वेळी दोन मतदारसंघांत नाव असण्यास १९५० चाच कायदा मनाई करतो, आणि ज्या कायद्यातील व्याख्येवर तुमचा दावा उभा आहे त्याचाच भंग तुमच्या नावावर दिसणे यासारखी नामुष्की नाही. अर्ज नाकारला गेला किंवा मुदतीत निकाली निघाला नाही, तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अपील करता येते. तोंडी नकारावर परत येऊ नका, लेखी कारण मागा.

जाता जाता, कर्नाटकात राहूनही महाराष्ट्राच्या परीक्षांतील दाव्यासाठी ग्राह्य धरले जाणारे उमेदवार आहेत. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या सीमाभागातील ८६५ गावांतील मराठी भाषिक उमेदवारांना तिथल्या १५ वर्षांच्या वास्तव्याचा विहित दाखला देऊन अर्ज करता येतो. विजयपूर शहर त्या यादीत नाही, म्हणून हा मार्ग तुमचा नव्हे. कोणी सुचवल्यास त्यात वेळ घालवू नका.

जातीच्या दाखल्याबाबत तुमची बाजू भक्कम आहे. जात जन्माने ठरते, लग्नाने बदलत नाही. महाराष्ट्रात इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ हा मानीव दिनांक आहे, म्हणजे त्या दिवशी तुमचे वडील किंवा आजोबा या राज्याचे रहिवासी होते का, हे पाहिले जाते. अनुसूचित जातींसाठी हा दिनांक १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० आणि विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आहे. हे सर्व तपासूनच तुम्हाला वैधता प्रमाणपत्र मिळाले असल्याने तुम्ही पुढे कोठे राहिलात याने त्याला बाधा येत नाही. उलट कर्नाटकातून दाखला काढणे हे स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणे होईल. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात स्थलांतर केलेल्या व्यक्तीला नव्या राज्यात मागासवर्गीय म्हणून लाभ मागता येत नाही, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित जाती-जमातींच्या बाबतीत १९९० पासून घेतली आणि २०१८ मध्ये बीर सिंग प्रकरणात घटनापीठाने ती कायम केली. इतर मागास वर्गाच्या याद्याही राज्यवार असल्याने तुम्हाला तिथे दाखला मिळण्याचा मुळात हक्कच नाही. तो कसाबसा मिळालाच, तर तुम्ही स्वतःच्या सहीने कर्नाटकच्या रहिवासी असल्याचे लिहून दिलेले असेल, आणि ते लिखाण सोलापूरच्या तुमच्या दाव्याविरुद्धचा सर्वांत मोठा पुरावा ठरेल.

नॉन क्रिमीलेअरबाबत सेतू केंद्रातील कर्मचाऱ्याची मागणी चुकीची आहे, आणि ही चूक इतक्या ठिकाणी होते की विवाहित उमेदवारांनी ती गृहीतच धरावी. उन्नत व प्रगत गटाची, म्हणजेच क्रिमीलेअरची, तपासणी आई-वडिलांच्या दर्जावर आणि उत्पन्नावर होते, पतीच्या नव्हे. वडील निवृत्त कारकून आहेत, म्हणजे दर्जाच्या निकषावर तुम्ही वगळल्या जात नाही. उत्पन्नाची मर्यादा २०१७ पासून वार्षिक ८ लाख रुपये असून सलग तीन वर्षांचे उत्पन्न पाहिले जाते. पती कितीही मोठ्या पदावर असले तरी या दाखल्यात त्यांचा विचार येत नाही. केंद्रचालकाशी वाद घालण्यापेक्षा वडिलांच्या निवृत्तिवेतनाची कागदपत्रे जोडून अर्ज दाखल करा आणि पावती घ्या. निर्णय केंद्रचालकाचा नसून सक्षम अधिकाऱ्याचा असतो.

येथे दिनांकाकडे फार काटेकोरपणे पाहावे लागेल. इतर मागास वर्गातील उमेदवाराला वयाची सवलत केवळ जातीवर मिळत नाही. नॉन क्रिमीलेअर प्रमाणपत्र अर्ज स्वीकारण्याच्या अंतिम दिनांकास वैध असावे लागते. 'प्रमाणपत्र नंतर दिले तरी चालते' असा एक निकाल आहे, असे तुम्हाला अभ्यासिकेत कोणीतरी नक्की सांगेल. दिल्लीतील एका भरतीच्या प्रकरणात, राम कुमार गिजरोया या २०१६ च्या निकालात, इतर मागास वर्गाचा दाखला उशिरा दिलेल्या उमेदवाराला न्यायालयाने दिलासा दिला होता, हे खरे आहे. परंतु त्यानंतर न्यायालयाचा कल कठोर झाला आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२२ च्या नागरी सेवा परीक्षेतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या उमेदवारांनी विहित मुदतीत योग्य प्रमाणपत्र दिले नव्हते. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या याचिका फेटाळल्या. परीक्षेत यशस्वी होऊनही त्यांना त्या गटाचा लाभ मिळाला नाही. माझ्या मते २०१६ च्या निकालावर आज कोणीही स्वतःचे वर्ष पणाला लावू नये. तुमचे नॉन क्रिमीलेअर प्रमाणपत्र हातात येईपर्यंत अभ्यासाचे दोन दिवस बुडाले तरी चालतील, पण तो दाखला मागे पडता कामा नये.

तुमच्या पत्रात न विचारलेला, पण तुम्हाला ठाऊक असायलाच हवा असा एक मुद्दा आहे. वयाची सवलत घेतली की तिची किंमतही मोजावी लागते. खुल्या गटाचे वयाचे व इतर पात्रतेचे निकष पूर्ण करणाऱ्या मागासवर्गीय उमेदवाराचा विचार आयोग गुणवत्तेनुसार अराखीव पदांसाठीही करतो. सवलत घेऊन आलेल्या उमेदवाराचा करत नाही. याविषयी न्यायालयात दोन प्रवाह दिसतात, आणि त्यांचे मूळ नियमांतील फरकात आहे. उत्तर प्रदेशाच्या कायद्याच्या संदर्भात २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वय आणि शुल्कातील सवलत ही गुणवत्तेतील सवलत नव्हे, असे म्हणून अशा उमेदवारांना खुल्या जागा मोकळ्या ठेवल्या. पण जिथे नियमच मनाई करतात तिथे त्या मिळणार नाहीत, असे २०१७ च्या दीपा ई. व्ही. प्रकरणात आणि पुढे २०१९ मध्ये गुजरात लोकसेवा आयोगाच्या प्रकरणात ठरले. महाराष्ट्रातील उमेदवारासाठी याचा व्यवहारातील अर्थ असा की तुम्ही कितीही गुण मिळवलेत तरी स्पर्धा इतर मागास वर्गाच्या सर्वसाधारण आणि महिलांच्या जागांपुरतीच राहील. म्हणून जाहिरातीतील पदांचा तक्ता नीट वाचा. ज्या संवर्गात तुमच्या प्रवर्गाची एकही जागा नाही, तो संवर्ग पसंतिक्रमात वर टाकून काही साधणार नाही. अर्जातील दावे मागाहून बदलता येत नाहीत, तेव्हा प्रवर्ग, महिला आरक्षण आणि अधिवास या तिन्ही रकान्यांतील उत्तरे अर्ज पाठवण्यापूर्वी कोणाकडून तरी वाचून घ्या.

भावाच्या सूचनेचा हिशेब येथेच मांडू. तुमचे वय ३९ वर्षे ४ महिने. अकरा महिने कमी झाले तर ३८ वर्षे ५ महिने. म्हणजे दुरुस्ती होऊनही तुम्ही खुल्या मर्यादेच्या बाहेरच राहता, आणि मागासवर्गीयांच्या ४३ च्या मर्यादेत तर तुम्ही आजही आहात. यंदाच्या अर्जापुरता या दुरुस्तीचा उपयोग शून्य आहे. नुकसान मात्र होऊ शकते. आयोग, राज्याचा असो वा केंद्राचा, दहावीच्या प्रमाणपत्रावरील जन्मतारीख प्रमाण मानतो. शाळा सोडून वीसहून अधिक वर्षे झाल्यावर, ऐन स्पर्धा परीक्षेच्या तोंडावर केलेल्या दुरुस्तीकडे कोणताही तपासणी अधिकारी संशयाने पाहील आणि तुमच्या निष्कलंक कागदपत्रांत एक वादाचा कागद वाढेल. महानगरपालिकेच्या जन्मनोंदीत खरोखरच वेगळी तारीख असेल आणि सेवानिवृत्तीच्या दृष्टीने ती तुम्हाला महत्त्वाची वाटत असेल, तर महाराष्ट्र नागरी सेवा नियमांप्रमाणे सेवेत आल्यानंतर पाच वर्षांच्या आत सबळ पुराव्यासह तसा अर्ज करता येतो. तो विषय तेव्हाचा.

सरकार वय वाढवेल म्हणून थांबण्याचा सल्लाही मी देणार नाही. एप्रिल २०१६ मध्ये खुल्या गटाची मर्यादा ३३ वरून ३८ झाली, तो कायमचा बदल होता. त्यानंतरच्या शिथिलता तात्पुरत्या आहेत: करोनाकाळात मर्यादा ओलांडलेल्यांसाठी डिसेंबर २०२१ मध्ये एक संधी, मार्च २०२३ मध्ये दोन वर्षांची सवलत आणि डिसेंबर २०२४ मध्ये एक वर्षाची. यांपैकी प्रत्येक निर्णय विशिष्ट कालावधीपुरता आणि विशिष्ट जाहिरातींपुरता होता. अशी सवलत देणे हा शासनाचा धोरणात्मक निर्णय असतो, मागण्याचा हक्क नव्हे. करोनामुळे संधी हुकलेल्या केंद्रीय नागरी सेवा उमेदवारांची अतिरिक्त संधीची मागणी सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये अमान्य केली होती. शिवाय ज्यांची मर्यादा संपली आहे त्यांना थांबण्यावाचून गत्यंतर नसते. तुमच्यापुढे ४३ पर्यंतची वर्षे आहेत. केंद्रीय परीक्षेत इतर मागास वर्गासाठी मर्यादा ३५ ची असल्याने तो मार्ग बंद आहे, हे मात्र मनाशी पक्के करा आणि तयारी राज्याच्या अभ्यासक्रमावर केंद्रित करा.

हे सर्व करूनही पुढे कागदपत्र तपासणीत अधिवासावरून तुमचा दावा नाकारला गेला, तर प्रथम आयोगाकडे लेखी निवेदन द्या आणि त्यावरील उत्तर जपून ठेवा. राज्यसेवेतील निवडीचे वाद थेट उच्च न्यायालयात नेता येत नाहीत. आधी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जावे लागते. त्याची पीठे मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. सामान्यतः अंतिम आदेशापासून एक वर्षाची मुदत असते, पण शिफारशी होऊन नियुक्त्या निघाल्यावर दाद मागणे अवघड होते, म्हणून नकार मिळताच काही दिवसांत वकिलाकडे जा. न्यायाधिकरणाने अंतरिम आदेशाने पुढील टप्प्यास बसू दिले तरी त्यातून हक्क निर्माण होत नाही, हेही त्या वेळी ध्यानात ठेवा. वकिलाला दाखवण्यासाठी जाहिरातीची मूळ प्रत, तिची सर्व शुद्धिपत्रके, भरलेल्या अर्जाची प्रत आणि सेतू केंद्राच्या पावत्या आजपासूनच एका फाइलमध्ये लावायला घ्या. लग्नानंतर नाव बदलले असल्यास राजपत्रातील नोंद किंवा विवाह नोंदणी प्रमाणपत्रही त्यातच असू द्या.